नाताळचे ताट

आमच्या नातीला सहामाही परीक्षेसाठी 'माझा आवडता सण' हा निबंध तयार करायचा होता. वर्गातली बाकीची सगळी मुले दिवाळी लिहिणार, म्हणून तिने नाताळ निवडला. दहाव्या वर्षी माणसाला वेगळेपणाची हौस असतेच. लिहून झाल्यावर वही घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि मला मोठ्याने वाचून दाखवू लागली. "नाताळ हा ख्रिश्चन लोकांचा सण आहे. तो पंचवीस डिसेंबरला येतो. या दिवशी सांताक्लॉज मुलांना भेटवस्तू देतो. घरोघरी ख्रिसमस ट्री सजवतात. केक खातात. मला हा सण फार आवडतो."

"आठच ओळी झाल्या गं आजी. बाईंनी पंधरा सांगितल्यात. आणखी काय लिहू?"

मी तीसएक वर्षे शाळेत शिकवले आहे. असले निबंध शेकड्यांनी तपासले आहेत. परंतु हा निबंध ऐकताना मात्र हातातली कणीक तशीच राहिली. सण आमचा, वही आमच्या नातीची, आणि त्या आठ ओळींत आमच्या घरातले काही म्हणजे काही नव्हते! मी म्हटले, "अगं, बारसं ज्याचं, त्याचंच नाव राहिलं की!" तिने जीभ चावली आणि लगेच 'येशू' हा शब्द वर कोपऱ्यात बसवला. नऊ ओळी झाल्या. उरलेल्या सहा ओळींसाठी ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

त्या सहा ओळी मी अजून शोधते आहे. तुम्हांला हे सांगण्याचे कारण तेच.

वाचकहो, नाताळ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा दुकानातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि कापसाचा बर्फ उभा राहत असेल. आमच्या लहानपणी नागपूरच्या सदर भागात यांतले काही नव्हते. नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा आणि अनारसे. अगदी तुमच्या दिवाळीत असते तेच, तितकेच आणि तसेच. केक क्वचित, नानकटाईचे पीठ मात्र घरी मळून, पत्र्याच्या डब्यात घालून बेकरीत भाजायला न्यायचे, आणि आपला डबा दुसऱ्याच्या डब्यात मिसळू नये म्हणून भट्टीपाशी ताटकळत बसायचे. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट यायचे. त्याची परतफेड आम्ही नाताळात करायचो. त्यांचा आकाशकंदील तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे यायचा. बाबा त्याचा फाटका कागद काढून टाकीत, बांबूच्या कामट्या सोडवून त्यांची पाच कोनांची चांदणी बांधीत आणि मी खळीने तिच्यावर पतंगी कागद चिकटवीत असे. एकाच कामटीने दोन्ही घरचे सण उजळले. कामटीला काय, तिला कुठे धर्म असतो!

'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगिजांचा. जन्म असा त्याचा अर्थ. तो कोकणकिनाऱ्याने आला आणि मराठीत मुरला. आमचा ख्रिस्ती धर्म मात्र नागपुरात आला तो स्कॉटलंडहून. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी येथे येऊन राहिला. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. हा माणूस शाळा काढी, खेडोपाडी हिंडे, वाटेत दगड आणि जीवाश्म गोळा करी, आणि गोंड प्रधानांना बसवून घेऊन त्यांच्या लिंगोची कथा लिहून काढी. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडून वारला. त्याच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघाले. त्या कॉलेजात तुमच्यापैकी कितीतरी जण शिकले असतील.

आता यातली गंमत अशी की, त्या काळच्या स्कॉटलंडात नाताळ असा सण नव्हताच म्हटले तरी चालेल. धर्मसुधारणेनंतर तेथील चर्चला या सणाचे वावडे झाले. प्रभूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानात कुठे दिलेली नाही, मग पंचवीस डिसेंबर पाळायचा कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी सुरू झाली ती थेट १९५८ मध्ये! म्हणजे ज्यांनी आम्हांला धर्म दिला त्यांनी हा सण दिला नाही. तो आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी आपल्या चुलीवर केला. त्यांना जन्मोत्सव ठाऊक होता. रामनवमीचा पाळणा त्यांनी लहानपणी ऐकला होता. त्यांनी येशूसाठी पाळणा म्हटला आणि करंज्या तळल्या.

पुढे रेव्हरंड टिळकांनी या साऱ्याला शब्द दिले. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसाराची ताटातूट झाली. ती लक्ष्मीबाईंनी कशी सोसली आणि मग त्या आपल्या पायांनी, आपल्या विचाराने नवऱ्याकडे कशा परतल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या वाचकाला मी काय सांगावे? टिळकांची पदे आणि अभंग आमच्या 'उपासना-संगीता'त आहेत. पेटी, तबला आणि टाळ यांवर ती म्हणत नाताळच्या आदल्या रात्री आमची मंडळी गल्लोगल्ली फिरायची. डिसेंबरातली नागपूरची थंडी तुम्हांला ठाऊक आहे. कानाला मफलर, हातात कंदील आणि पुढे काठीला बांधलेली आमची चांदणी.

त्या मंडळीत पेटी बाबांची आणि तबला काकांचा. काका म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. ते आणि बाबा एकाच शब्बाथ शाळेत वाढले, चर्चमध्ये दोघेही वडील म्हणून निवडले गेले. रविवारी उपासना झाली की दोघांची सायकलींना टेकून तासभर चर्चा चाले. आणि मग आले १९७० साल.

त्या वर्षाविषयी थोडे सांगायला हवे. उत्तर भारतातले निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एक करावेत अशी बोलणी १९२९ पासून चालली होती. दक्षिणेकडच्यांनी तर १९४७ मध्येच एकी करून टाकली. अखेर उत्तरेकडील सहा मंडळ्यांचे जमले आणि जागा ठरली आमचे नागपूर. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची आधीच झालेली संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, आणि डिसायपल्स. अमेरिकन मिशनातून वाढलेले मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. ऐकणाऱ्याला हे सारे एका माळेचे मणी वाटतील. पण आत प्रश्न मोठे होते. अँग्लिकनांना बिशप हवा. आम्ही स्कॉटिश वळणाचे, आमचा कारभार वडिलांच्या सभेने चालायचा. आम्ही तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देणार. बॅप्टिस्ट म्हणणार, माणूस जाणता झाल्यावर त्याने स्वतः विश्वास कबूल करावा आणि मगच पाण्यात उतरावे. शेवटी दोन्ही रीती चालतील असे ठरले आणि बिशपही राहिला.

बाबा एकीच्या बाजूचे. काका कट्टर विरोधी. "आमच्या आज्यानं साहेबाच्या बिशपापुढे मान वाकवली नाही, आता मी कशाला वाकवू?" असे ते म्हणत. चर्चच्या सभेत एकदा शब्दाने शब्द वाढला आणि बाबांच्या तोंडून निघून गेले, "तुला प्रभूपेक्षा तुझी वडीलकीची खुर्ची प्यारी आहे!" चारचौघांत. काका उठले, टोपी घातली आणि निघून गेले. त्या दिवसापासून अबोला.

२९ नोव्हेंबर १९७० हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. नाताळाची वाट पाहण्याचे चार रविवार असतात, त्यांतला पहिला. ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात मोठा सोहळा झाला. मी नऊ वर्षांची होते. मला आठवते ती माणसांची दाटी, कानांवर पडणाऱ्या नाना भाषा, आणि माझा टोचणारा नवा स्वेटर. घरी आल्यावर बाबांचा चेहरा फुललेला होता. "आई, सहा मंडळ्या एक झाल्या!" ते आजीला म्हणाले.

आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती अस्सल वऱ्हाडी बोलायची. तिने मान वरही केली नाही. म्हणाली, "बेस झालं बापू. अन् तुमी दोघं?"

बाबा काही बोलले नाहीत. हातपाय धुवायला निघून गेले.

नाताळ आला. आमच्या घरची आजीची एक रीत होती. चोवीस तारखेला फराळाचे पहिले ताट कुणाकडे जायचे, तर ज्याच्याशी त्या वर्षी बिनसले असेल त्याच्याकडे. मग शेजारी, मग नातेवाईक, सगळ्यांत शेवटी आपण. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाशी वाकडे आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, अशी प्रभूची शिकवण आहे. आजीला वाचता येत नव्हते. तिने ती फराळात घातली होती, एवढेच. एरवी हे ताट कधी नळावर भांडलेल्या बाईकडे जाई, कधी व्याह्यांकडे. त्या वर्षी ते कुठे जाणार हे सगळ्या घराला ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

आजीने पितळी ताटात फराळ मांडला, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि ताट माझ्या हाती दिले. "काकाच्या घरी देऊन ये. कोनं पाठवलं इचारलं तर खरं ते सांगजो."

काकांच्या घरी काकूंनी दार उघडले. काका आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पत्राच्या आडूनच त्यांनी विचारले, "कुणी पाठवलं?"

बाबांचे नाव घ्यावे असे मला फार वाटले. पण आजीची ताकीद होती. मी म्हटले, "आजीनं."

"अस्सं," एवढेच ते म्हणाले. वर्तमानपत्र खाली आले नाही.

घरी येऊन मी सांगितले. बाबा खिडकीपाशी उभे होते. आजी त्यांना म्हणाली, "ताट माह्यं गेलं, बापू. तुहं अजून जायाचं हाय."

"माझं काय चुकलं होतं? एकी व्हायलाच हवी होती."

"एकीचं मी नाही म्हणत. बरोबर कोण होतं ते प्रभू पाहीन. खुर्चीचं कोन बोललं होतं?"

त्या रात्री मंडळी निघाली ती तबल्याविना. मंडळीतला एक मुलगा टाळ्या वाजवून ठेका धरीत होता. गाणे सारखे पुढे पळत होते. पुढे माझा पाच वर्षांचा भाऊ काठीची चांदणी दोन्ही हातांनी धरून चाललेला. काकांची गल्ली आली. सगळ्यांनी न बोलता पावले उचलली, कारण तिथे थांबायचे नाही हे ठरल्यासारखेच होते. बाबा मात्र थांबले. त्यांनी गळ्यातली पेटी उतरवून काकांच्या पायरीवर ठेवली आणि कडी वाजवली.

काका दारात आले. बाबा म्हणाले, "मी चुकलो. मत माझं तेच आहे, ते बदललेलं नाही. पण सभेत बोललो ते चुकलो. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांत सांगतो."

किती वेळ कोणी काही बोलले नाही कोण जाणे. मग काका आत वळले. आम्हांला वाटले, दार लागणार. ते बाहेर आले ते तबला-डग्गा काखेत घेऊन. "मत माझंही तेच आहे," ते म्हणाले, "आणि थांबा जरा. थंडीनं तबला उतरलाय."

मग पायरीवर बसून हातोडीने ठोकत ठोकत त्यांनी तबला लावला. चांगली दहा मिनिटे. सगळी मंडळी थंडीत कुडकुडत उभी, दात वाजताहेत, आणि बाबा एकच सूर धरून बसलेले. त्या रात्रीची गाणी मला आठवत नाहीत. ती ठोकठोक मात्र अजून कानांत आहे.

दुसऱ्या दिवशी काकांकडून ताट परत आले. आपल्याकडे रिकामे ताट परत करीत नाहीत. त्यात संत्री होती. काका पुढे पंधरा वर्षे त्याच चर्चमध्ये राहिले आणि पंधरा वर्षे बिशपवर टीका करीत राहिले. बाबा त्यांना उत्तरे देत राहिले. रविवारी सायकली पुन्हा भिंतीला टेकल्या.

आता जे सांगायचे ते जड आहे. मघाशी चांदणी धरलेला जो पाच वर्षांचा मुलगा सांगितला, त्याच्याशी माझा गेली चार वर्षे अबोला आहे.

गोष्ट तुमच्या-आमच्या घरात होते तीच. बाबांचे सदरचे घर. तो म्हणाला, "ताई, तुझं लग्न झालं, तुझा घराशी काय संबंध?" कायदा माझ्या बाजूचा होता. आम्हां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा व मुलगी यांना सारखाच हिस्सा आहे. मी त्याला हे समोर बसवून सांगू शकले असते. मी तसे केले नाही. मी वकिलाची नोटीस पाठवली, आणि तीही त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. चारचौघांत. घर विकले गेले, पैसे दोघांत सारखे वाटले गेले. हिशेबात एका पैचीही चूक राहिली नाही.

गेल्या नाताळात मी आजीचे पितळी ताट घासून काढले, फराळ मांडला आणि वर्धा रोडवरच्या त्याच्या फ्लॅटवर गेले. भावजयीने दार उघडले. आतल्या खोलीतून त्याचे खोकणे ऐकू येत होते. तो बाहेर आला नाही. मी ताट ठेवले, पाणी प्यायले आणि परत आले. येताना रिक्षात मी स्वतःला सांगत होते, 'मी माझं कर्तव्य केलं.' मनात थोडा अभिमानही होता, खोटे कशाला बोलू? उपासनेत मी पुढच्या बाकावर बसले.

ते ताट अजून परत आलेले नाही.

इतके महिने मला त्याचा राग येत होता. परवा नातीला सहा ओळी सांगायला बसले, आजीची आणि काकांची गोष्ट सांगू लागले, आणि सांगता सांगता मीच गप्प झाले. ताट नेऊन देण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीलाही जमले होते. तेवढ्याने काही झाले नव्हते. वर्तमानपत्र खाली आले नव्हते. बाबांना जे कडी वाजवून बोलावे लागले, ते शब्द मी भावाच्या दारात उच्चारलेच नव्हते. आजीच्या भाषेत सांगायचे तर ताट आजीचे गेले. माझे अजून जायचे आहे.

नाताळचा खरा अर्थ काय, यावर दरवर्षी पाळकसाहेब प्रवचन करतात आणि ते चांगलेच असते. देव स्वतः उठून माणसाकडे आला. माणसाने येण्याची वाट तो पाहत बसला नाही. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून तो माघारी फिरला नाही, गोठ्यात उतरला. हे मी लहानपणापासून ऐकते आहे, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवलेही आहे. चुकलेल्याकडे जो चुकलेला नव्हता तो आधी आला, इतके ते सरळ आहे. आणि मी, जिची थोडी का होईना चूक आहे, ती भावाच्या हॉलमध्ये पाणी पिऊन परत येते!

तुमच्या घरी हा अंक उघडला जाईल तेव्हा तुमच्या दारात कंदील लागलेला असेल. भाऊबीज दोन दिवसांवर असेल. तुमच्यापैकीही कुणाच्या घरी एखादे ताट अडून राहिले असेल. मी तुम्हांला उपदेश करीत नाही. माझीच छाती धडधडते आहे. तो या वेळीही आतल्या खोलीत बसून राहिला तर? बसू दे. खोलीच्या दाराशी उभी राहून बोलेन. आणि पुन्हा ताट परत आले नाही, तर त्याच्याकडे दोन ताटे होतील. रिकामे परत करायचे नाही, ही रीत त्यालाही आजीनेच शिकवलेली आहे.

राहता राहिला निबंध. माझी गोष्ट अर्धवट राहिली तरी नातीने आपल्या ओळी भरून टाकल्या होत्या. रात्री तिची वही सहज उघडून पाहिली. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या : "आमच्या घरी नाताळला ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याकडे आधी जातात आणि सॉरी म्हणतात. या वर्षी माझी आजी मामाआजोबांकडे जाणार आहे."

शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. मजकूर तसाच राहू दिला. आता बाईंनी वही तपासून खाली सही केली आहे. त्यामुळे माझा काही इलाज उरलेला नाही.